तक्रारी पोचल्या होत्या : ली यान प्रकरणाचा अभ्यास

३ नोव्हेंबर २०१० रोजी चीनच्या सिचुआन प्रांतात, आन्युए इथे राहणाऱ्या ली यानने नवऱ्याच्या, तान योंगच्या, डोक्यात बंदूक घातली. बंदूक त्याचीच होती, छर्ऱ्याची. भांडण पेटले होते, तो तिला मारत होता आणि गोळी घालीन म्हणून धमकावत होता, असे तिचे म्हणणे. तिने बंदूक हिसकावून घेतली आणि नळीने त्याच्या डोक्यावर घाव घातले. तो मेला. त्यानंतर तिने प्रेताचे तुकडे केले आणि त्यातले काही उकळले.

हे शेवटचे वाक्य मी मुद्दाम सुरुवातीलाच लिहिले आहे. तिच्या बाजूने बोलणारे बरेचजण ते गाळतात किंवा घाईत उरकतात. न्यायालयांनी मात्र त्याच वाक्यावरून तिला पारखले. ते लपवून हे प्रकरण समजत नाही, आणि त्याच्यापाशी थांबून तर मुळीच समजत नाही.

त्यांचे लग्न २००९ च्या सुरुवातीला झाले होते. मारहाण जवळजवळ लगेच सुरू झाली. चेहऱ्यावर सिगारेटचे चटके. ऐन हिवाळ्यात अंगावर पुरेसे कपडे नसताना तासन्‌तास गॅलरीत कोंडून ठेवणे. सिचुआनची थंडी दमट असते, हाडांत शिरते. एकदा त्याने तिच्या बोटाचा तुकडा कापला. एका मारहाणीनंतर तिला इस्पितळात उपचार घ्यावे लागले. लग्नापासून खुनापर्यंत पुरती दोन वर्षेही झाली नव्हती. अशा खटल्यांत बहुतेक वेळा दहा-वीस वर्षे सोसलेले असते. इथे सगळे फार झपाट्याने चढत गेले, आणि त्या चढत्या क्रमातली शेवटची पायरी म्हणजे रोखलेली बंदूक. ज्या माणसाने आधी बोट कापले आहे, तो गोळी घालीन म्हणतो तेव्हा ती नुसती धमकी आहे असे बायकोने का समजावे?

ती कुठे कुठे गेली

ली यान गप्प बसली नव्हती. हे पुन्हा पुन्हा सांगायला हवे, कारण ‘मग तिने तक्रार का नाही केली’ हा प्रश्न अशा प्रत्येक बाईला विचारला जातो. तिने केली होती. ती पोलिसांकडे एकदा नव्हे, अनेकदा गेली. महिला महासंघाकडेही तिने दाद मागितली. महासंघ म्हणजे आपल्याकडची एखादी स्वयंसेवी संस्था नव्हे. अखिल चीन महिला महासंघ ही सत्ताधारी पक्षाशी बांधलेली, सरकारी छत्राखालची संघटना आहे आणि तिच्या शाखा पार गावपातळीपर्यंत आहेत. म्हणजे सरकारचे जेवढे दरवाजे एका सामान्य बाईला माहीत असू शकतात, त्यांतले महत्त्वाचे दरवाजे तिने ठोठावले होते. कुठेही चौकशी सुरू झाली नाही, तिला संरक्षण मिळाले नाही, आणि प्रत्येक वेळी ती त्याच घरात परतली.

मराठी वाचकाला हे परके वाटणार नाही. ‘नवरा-बायकोचे भांडण, आम्ही काय करणार’ असे म्हणून अदखलपात्र नोंद करायची, एनसीचा कागद हातात द्यायचा आणि घरी पाठवायचे, ही पद्धत आपल्या ठाण्यांमध्येही मुरलेली आहे.

पण आन्युएच्या पोलिसांना केवळ निष्काळजी म्हणून सोडून देता येणार नाही. तिला परत पाठवताना ते बहुधा कुठलाच नियम मोडत नव्हते, आणि खरे दुखणे तिथे आहे. चीनमध्ये त्या वेळी कौटुंबिक हिंसाचाराविरुद्ध स्वतंत्र कायदाच नव्हता. १९९५ मध्ये जागतिक महिला परिषद बीजिंगमध्ये भरली, त्यानंतर तिथल्या स्त्री-संघटनांनी हा विषय लावून धरला. २००१ मध्ये विवाह कायद्यात दुरुस्ती होऊन त्यात कौटुंबिक हिंसाचाराचा उल्लेख आला. २००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या संशोधन संस्थेने न्यायाधीशांसाठी मार्गदर्शिका काढली आणि निवडक न्यायालयांमध्ये संरक्षण आदेश देऊन पाहायला सुरुवात झाली. पण तक्रार आली की पोलिसांनी नेमके काय करायचे, आणि केले नाही तर त्यांचे काय होणार, हे कुठे पुरेसे स्पष्ट लिहिलेले नव्हते. दुसरीकडे, महिला महासंघाने राष्ट्रीय सांख्यिकी विभागाबरोबर केलेल्या आणि २०११ मध्ये जाहीर झालेल्या पाहणीत २४.७ टक्के विवाहित स्त्रियांनी नवऱ्याकडून कुठल्या ना कुठल्या प्रकारचा हिंसाचार सोसल्याचे सांगितले होते. चारातली एक. सरकारला माहीत नव्हते असे नाही.

‘पुरावा पुरेसा नाही’

२४ ऑगस्ट २०११ रोजी झियांग शहराच्या मध्यम स्तरावरच्या न्यायालयाने ली यानला हेतुपुरस्सर हत्येसाठी मृत्युदंड सुनावला. चिनी दंडसंहितेच्या कलम २३२ खाली या गुन्ह्याला मृत्युदंड, जन्मठेप किंवा किमान दहा वर्षांची कैद देता येते. परिस्थिती तुलनेने सौम्य असेल तर शिक्षा तीन ते दहा वर्षांवर येऊ शकते. एकाच कलमात तीन वर्षांपासून मृत्यूपर्यंतचा पल्ला आहे, आणि माणूस त्यात कुठे पडणार हे न्यायाधीश परिस्थिती कशी वाचतो यावर ठरते.

साक्षीदारांनी मारहाणीबद्दल सांगितले. तरीही न्यायालय म्हणाले की कौटुंबिक हिंसाचार सिद्ध करायला पुरावा पुरेसा नाही.

मला हे एक वाक्य सगळ्या प्रकरणातले सर्वांत क्रूर वाटते. खुनाच्या खटल्यात हिंसाचाराचा पुरावा म्हणजे काय असतो? पोलिसांचा पंचनामा, तपासाचे कागद, जखमांची सरकारी तपासणी, नवऱ्याची चौकशी. यातले काहीही बाईला स्वतःच्या हाताने तयार करता येत नाही. ते ज्यांनी करायचे त्यांनी केले नाही, म्हणून ते अस्तित्वात नव्हते, आणि अस्तित्वात नव्हते म्हणून तिचे सोसणे न्यायालयापुरते घडलेच नाही. पोलिसांच्या न केलेल्या तपासाची भरपाई तिच्याकडून मागितली गेली.

त्या वाक्याचे वजन किती होते हे कळायला १९९९ सालच्या एका दस्तऐवजाकडे जावे लागते. त्या वर्षी चीनच्या सर्वोच्च न्यायालयाने ग्रामीण भागातल्या फौजदारी खटल्यांविषयी एका परिषदेचे इतिवृत्त प्रसिद्ध केले, आणि खालची न्यायालये ते मार्गदर्शक म्हणून वापरत आली आहेत. त्यात म्हटले आहे की घर-संसारातल्या किंवा शेजाऱ्यांच्या भांडणातून झालेल्या हत्यांमध्ये मृत्युदंड अत्यंत जपून वापरावा, आणि मृताचा उघड दोष असेल तर सर्वसाधारणपणे तत्काळ अंमलाचा मृत्युदंड देऊ नये. म्हणजे तिला वाचवायला नव्या कायद्याची गरज नव्हती. तान योंग तिला मारत असे एवढे न्यायालयाने मान्य केले असते, तर जुन्याच तत्त्वाने तिचा जीव वाचायला हवा होता. ‘पुरावा पुरेसा नाही’ हा निकालपत्रातला किरकोळ निष्कर्ष नव्हता. तिचे जगणे-मरणे त्यावर ठरले.

आता स्वसंरक्षण. कलम २० प्रमाणे चालू असलेल्या हल्ल्याला प्रतिकार करण्याचा अधिकार आहे, आणि जिवावर बेतणारा हल्ला असेल तर प्रतिकारात हल्लेखोर मेला तरी तो गुन्हा ठरत नाही. अडचण ‘चालू असलेल्या’ या अटीत आहे. बंदूक हिसकावून घेतली त्या क्षणी धोका संपला, त्यापुढचा घाव हा सूड, असा युक्तिवाद फिर्यादी पक्षाला सहज करता येतो. कागदावर तो नीटनेटका दिसतो. पण शस्त्र हातातून गेले म्हणून आपल्यापेक्षा बळकट माणूस निरुपद्रवी होतो का? आणि तिने बंदूक खाली ठेवली असती तर ती पुन्हा कोणाच्या हातात गेली असती? जिने दोन वर्षे त्याचे हात पाहिले होते, तिला याचे उत्तर न्यायाधीशांपेक्षा चांगले माहीत होते.

आणि तुकडे केलेले प्रेत. ते भयंकर आहे, त्याला दुसरा शब्द नाही. मृताच्या आईवडिलांना, भावंडांना त्याने जे झाले असेल ते कुठल्याही युक्तिवादाने कमी होत नाही. पण मृत्युदंडाचे कारण म्हणून ते टिकते का? माणूस मेल्यानंतर केलेल्या कृत्याने त्याचा मृत्यू अधिक वेदनादायक होत नाही, आणि त्यावरून मारतानाचा हेतूही सिद्ध होत नाही. भीतीने सैरभैर झालेली व्यक्ती घडलेले नाहीसे करू पाहते, आणि ते दिसायला जितके थंड दिसते तितके आतून असतेच असे नाही. चिनी दंडसंहितेत प्रेताची विटंबना हा वेगळा गुन्हा आहे, कलम ३०२, आणि ली यानच्या खटल्याच्या वेळी त्याला कमाल शिक्षा होती तीन वर्षे. ज्या कृत्यासाठी कायदा स्वतः तीन वर्षांवर जात नाही, त्याच्या किळसेने एका बाईला मृत्यूकडे ढकलणे न्याय्य नव्हते, असे माझे ठाम मत आहे.

प्रांताच्या उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१२ मध्ये अपील फेटाळले. त्याच ऑगस्टमध्ये चीनमधल्या आणखी एका स्त्रीच्या हत्येच्या खटल्याचा निकाल लागला. बडे राजकीय नेते बो शिलाई यांची पत्नी गू काइलाई हिने नील हेवूड या ब्रिटिश व्यावसायिकाला विष पाजून मारले होते. ते ठरवून केले होते, आणि मेलेल्या माणसाने तिला कधी मारहाण केली असे कोणी म्हटले नव्हते. तिला दोन वर्षांसाठी स्थगित मृत्युदंड मिळाला, म्हणजे व्यवहारात जीवदान. ली यानला ते मिळाले नाही. गू काइलाईचाही जीव जायला नको होता, कोणाचाच जायला नको. पण कोणाचे प्राण ‘ताबडतोब घेण्याची गरज नाही’ हे ठरवणारा तराजू कसा चालतो, ते या दोन निकालांत उघडे पडते.

बीजिंग

१ जानेवारी २००७ पासून चीनमध्ये तत्काळ अंमलाचा प्रत्येक मृत्युदंड बीजिंगच्या सर्वोच्च न्यायालयाकडे तपासणीला जातो. आधी हा अधिकार बऱ्याच अंशी प्रांतांना दिलेला होता. दर वर्षी किती जणांना मारले जाते हा आकडा राज्याचे गुपित आहे, त्यामुळे ही तपासणी किती जणांना वाचवते हे बाहेरून मोजता येत नाही. ली यानला मात्र या तपासणीने वाचवले.

जानेवारी २०१३ मध्ये शिक्षेची अंमलबजावणी कुठल्याही दिवशी होऊ शकते अशी बातमी पसरली. वसंतोत्सव, म्हणजे चिनी नववर्ष, १० फेब्रुवारीला होता आणि त्याआधीच तिला नेतील अशी भीती होती. देशातल्या वकिलांनी, अभ्यासकांनी, कार्यकर्त्यांनी सह्यांची पत्रे पाठवली. ॲम्नेस्टी इंटरनॅशनल या मानवी हक्क संघटनेने तातडीचे आवाहन काढले. काही शहरांत तरुण मुली पांढऱ्या कापडात स्वतःला गुंडाळून न्यायालयासमोर आडव्या झाल्या. पुढची ली यान आपल्यापैकीच कोणी असू शकते, हे त्यांना म्हणायचे होते. चीनमध्ये रस्त्यावर असे काही करण्याची किंमत मोजावी लागते, हे जाणून त्यांनी ते केले.

त्याच दिवसांत, ३ फेब्रुवारी २०१३ रोजी, बीजिंगमधल्या एका न्यायालयाने किम ली या अमेरिकन स्त्रीला हिंसाचाराच्या कारणावरून घटस्फोट दिला आणि तिच्यासाठी संरक्षण आदेश काढला. तिचा नवरा ली यांग इंग्रजी शिकवणारा म्हणून देशभर गाजलेला होता. तिने २०११ मध्ये आपल्या जखमांची छायाचित्रे वेइबो या चिनी समाजमाध्यमावर टाकली होती आणि लाखो लोकांनी ती पाहिली होती. त्या निकालाचा आनंद रास्तच होता. पण आन्युएतल्या बाईकडे ना परदेशी पासपोर्ट होता, ना प्रसिद्ध नवरा. तिची साक्ष वेइबोवर नव्हे, ठाण्यात नोंदवायची होती.

२०१४ च्या जूनमध्ये ली यानच्या बाजूने लढणाऱ्या वकील ग्वो ज्येनमेइ यांच्याकडून कळले की सर्वोच्च न्यायालयाने मृत्युदंड मान्य केलेला नाही आणि खटला पुन्हा चालवायला पाठवला आहे. २४ एप्रिल २०१५ रोजी सिचुआनच्या उच्च न्यायालयाने शिक्षा बदलली: मृत्युदंड, पण दोन वर्षे स्थगित. कलम ४८ आणि ५० प्रमाणे या दोन वर्षांत कैद्याने नवा हेतुपुरस्सर गुन्हा केला नाही तर शिक्षा जन्मठेपेत बदलते. ती जगणार हे नक्की झाले. पण निकालपत्रावर शब्द ‘मृत्युदंड’ हाच राहिला, आणि पुढे कितीतरी वर्षांचा तुरुंग. यश मानावे असेच आहे हे, कारण एक माणूस जिवंत राहिला. न्याय म्हणायला मी तयार नाही.

दोन महिने आधी

या निकालाच्या जेमतेम दोन महिने आधी, मार्च २०१५ च्या सुरुवातीला, सर्वोच्च न्यायालय, सर्वोच्च अभियोक्ता कार्यालय, सार्वजनिक सुरक्षा मंत्रालय आणि न्याय मंत्रालय या चौघांनी मिळून कौटुंबिक हिंसाचाराच्या फौजदारी प्रकरणांसाठी दिशानिर्देश काढले. गंभीर किंवा दीर्घ हिंसाचार असह्य होऊन पीडितेने अत्याचाऱ्याला मारले, तर ते कलम २३२ मधले ‘सौम्य परिस्थिती’चे प्रकरण धरता येईल, असे त्यात पहिल्यांदा स्पष्ट लिहिले गेले. म्हणजे तीन ते दहा वर्षे. त्याच महिन्यात वेनचौ शहरातल्या न्यायालयाने नवऱ्याला मारणाऱ्या एका स्त्रीला पाच वर्षांची कैद दिली. तिने दहा वर्षांहून जास्त काळ मार खाल्ला होता. त्या खटल्यात कौटुंबिक हिंसाचाराच्या अभ्यासक साक्षीला उभ्या राहिल्या आणि मार खाणारी बाई घर का सोडत नाही, तिची भीती कशी काम करते, हे त्यांनी न्यायाधीशांना समजावले.

पाच वर्षे आणि स्थगित मृत्युदंड. एकाच वसंतात, एकाच दिशानिर्देशांखाली.

फरक त्या मजकुरातल्या एका अटीत आहे: कृत्याची ‘पद्धत विशेष क्रूर नसावी’. मला ही अट चुकीची वाटते, आणि केवळ ली यानमुळे नव्हे. ज्या नवऱ्याशी समोरासमोर झुंजून जिंकता येत नाही त्याला बाई कशी मारते? तो झोपलेला असताना, विषाने, किंवा हाती लागेल त्या जड वस्तूने, एका घावात तो उठणार नाही याची खात्री नसल्याने अनेक घाव घालून. झोपेत मारले तर ‘पूर्वनियोजित’, अनेक घाव घातले तर ‘क्रूर’. पुरुष बायकोला मारता मारता एका बुक्कीत जीव घेतो तेव्हा ‘मारायचा हेतू नव्हता’ म्हणायला जागा उरते. ताकदीतली तफावत अशी थेट शिक्षेच्या तफावतीत उतरते.

भारतीय कायद्यात हीच अडचण दुसऱ्या शब्दात बसलेली आहे. भारतीय दंड संहितेच्या कलम ३०० चा पहिला अपवाद, जो आता भारतीय न्याय संहितेच्या कलम १०१ मध्ये आहे, ‘गंभीर आणि अचानक’ चिथावणी मागतो. वर्षानुवर्षे साठत आलेले त्यात बसवायला न्यायाधीशाला पुढचे पाऊल टाकावे लागते. गुवाहाटी उच्च न्यायालयाने २०१३ मध्ये, दारूच्या नशेत मारणाऱ्या नवऱ्याच्या हातातले लाकूड हिसकावून त्यालाच मारणाऱ्या आसाममधल्या एका स्त्रीच्या अपिलात ते टाकले. सतत मार खाणाऱ्या स्त्रीच्या मनःस्थितीची सविस्तर चर्चा करून खुनाची शिक्षा सदोष मनुष्यवधावर आणली. ली यानचा आणि तिचा घाव किती सारखा आहे पाहा: त्याचेच हत्यार, त्याच्याच हातातून घेतलेले.

मुंबईत १९८४ पासून टाटा समाजविज्ञान संस्थेच्या पुढाकाराने पोलीस यंत्रणेतच महिला व मुलांसाठी विशेष कक्ष सुरू झाले आणि पुढे महाराष्ट्रभर पसरले. त्यांचे काम समुपदेशनाचे म्हणून ओळखले जाते, पण या प्रकरणाच्या उजेडात मला त्यांचे दुसरे महत्त्व दिसते. बाई आली होती, तिने हे सांगितले, या तारखेला, हे प्रशिक्षित माणसाच्या हाताने लिहून ठेवले जाते. आन्युएत असा एक कागद असता तर झियांगच्या न्यायालयाला ‘पुरावा पुरेसा नाही’ हे वाक्य लिहिणे जड गेले असते.

चीनचा कौटुंबिक हिंसाचार विरोधी कायदा २७ डिसेंबर २०१५ रोजी मंजूर झाला आणि १ मार्च २०१६ पासून लागू झाला. कलम १६ पोलिसांना अत्याचाऱ्याला लेखी ताकीद देण्याचा अधिकार देते. कलम २० म्हणते की पोलिसांच्या भेटीची नोंद, ती ताकीद आणि जखमांची तपासणी यांवरून न्यायालयाला हिंसाचार झाल्याचे ठरवता येईल. आधी शिक्षा झालेल्यांचे खटले पुन्हा उघडण्याची तरतूद मात्र त्यात नाही. त्यांच्यासाठी मार्च २०१५ च्या दिशानिर्देशांमधले एक वाक्य तेवढे आहे: कैदेत पश्चात्ताप दिसला तर कौटुंबिक परिस्थिती पाहून शिक्षेत अधिक सूट द्यावी आणि अटी पुऱ्या होत असतील तर पॅरोल द्यावा. ज्यांच्या निकालपत्रात ‘पुरावा पुरेसा नाही’ लिहून हिंसाचार बाजूला सारला गेला, त्या स्त्रियांना हे वाक्यही लागू करून घेणे कठीण, कारण कागदोपत्री त्या पीडित नाहीतच. त्यांची निकालपत्रे आधी दुरुस्त व्हायला हवीत, आणि ते काम न्यायालयाचे आहे.